पाठ नंतर, आधी बैठक

ऑफिसच्या खुर्चीत बसून कंबर धरली की पहिली खरेदी होते कमरेमागच्या उशीची. चार दिवस बरं वाटतं, मग उशी खाली घसरते आणि दुखणं आपल्या जागी परत येतं. पाठ वाकते, पण तिला वाकवते बहुतेक वेळा बैठक, म्हणजे खुर्चीचा बसायचा भाग.

तळहात वर करून त्यांच्यावर बसून पाहा. दोन हाडं टोचतील. धडाचा बराचसा भार या दोन हाडांवर पेलला जातो आणि ती खालून गोल असल्यामुळे कमरेचा सांगाडा त्यांच्यावर पुढे-मागे डुलतो. मांड्या धडाशी काटकोनात आल्या की मांडीमागचे स्नायू ताणले जाऊन सांगाडा मागे कलतो, कमरेतला नैसर्गिक बाक सपाट होतो आणि मणक्यांमधल्या चकत्या पुढच्या बाजूने दबतात. अमेरिकेतले डॉ. जे. जे. कीगन यांनी १९५३ साली क्ष-किरण चित्रांवरून दाखवलं, की धड आणि मांडी यांच्यात साधारण १३५ अंशांचा कोन असताना हा बाक सर्वांत सहज राहतो. इतक्या कोनात बसून कीबोर्ड चालवणं अवघडच, पण नव्वदच्या पुढे जाणारा प्रत्येक अंश कामाचा.

सुरुवात उंचीपासून करा. चप्पल-बूट घालून जमिनीपासून गुडघ्यामागच्या लवणीपर्यंत मोजा. समजा ४० सेंटीमीटर आले. टेबल बहुधा ७५ सेंटीमीटर उंच असतं आणि बसल्यावर कोपर बैठकीपासून २४ सेंटीमीटरवर असेल, तर खुर्ची ५१ सेंटीमीटरवर हवी. म्हणजे पाय ११ सेंटीमीटर लोंबकळणार. खुर्ची खाली घेतली तर खांदे वर चढतात, वर घेतली तर मांडी पुढच्या कडेवर दाबली जाऊन पायाला मुंग्या येतात. यावर तोडगा पायाखालचा पाट. ११ सेंटीमीटरचाच, अंदाजाने उचललेला खोका नव्हे. टेबलाखाली सरकता कीबोर्ड-ट्रे बसवता आला तर त्याहून उत्तम.

मग बैठकीची खोली, म्हणजे पुढच्या कडेपासून टेक्यापर्यंतचं अंतर. पाठ टेकवून बसल्यावर बैठकीची कड आणि लवण यांच्यात दोन-तीन बोटं जायला हवीत. जात नसतील तर माणूस पुढे सरकून बसतो आणि पाठीचा टेका नुसता शोभेला उरतो. चप्पल आपण नंबर बघून घेतो, खुर्ची मात्र एकाच मापाची! १९९४ साली आलेली हर्मन मिलर या अमेरिकी कंपनीची एरॉन ही ऑफिसची खुर्ची ए, बी आणि सी अशा तीन मापांत निघाली, ती याच विचाराने. आपल्या खुर्चीची खोली जास्त असेल तर टेक्याला चार-पाच सेंटीमीटर जाडीची सपाट गादी पट्ट्याने घट्ट बांधा. तिचा मधला भाग कमरपट्ट्याच्या जरा वर यावा आणि खाली नितंबांना मागे जायला जागा राहावी. ही जागा बुजवली की गादीच माणसाला पुढे ढकलते.

खरी गंमत बैठकीच्या कलात आहे. खुर्ची उलटी केली की बैठक आणि तिच्याखालची यंत्रणा यांना जोडणारे चार बोल्ट दिसतात, बहुधा एम ६ चे, म्हणजे ६ मिलीमीटर जाडीचे. मागचे दोन काढून तिथे, बैठक आणि यंत्रणेच्या मध्ये, १० मिलीमीटर जाडीची प्लायची पट्टी भोकं पाडून बसवा. पुढच्या-मागच्या बोल्टांत १८ सेंटीमीटर अंतर असेल तर बैठक तीन अंशांहून थोडी जास्त पुढे कलते. बोल्ट आधीच्यापेक्षा बरोबर १० मिलीमीटर लांब घ्यावेत. आखूड बोल्टचे आटे पुरेसे धरत नाहीत. फार लांब घेतला तर बैठकीचा प्लाय पार करून फोममध्ये घुसतो आणि महिन्याभरात बुडाला लागतो. वायसरांची चळत लावू नका, भार बोल्टवरच येऊन तो वाकतो. चारही बोल्ट हाताने धरल्यावर मगच पाना लावा. पाच अंशांच्या पुढे जाऊ नये, विशेषतः रेक्झिनवर, कारण माणूस पुढे घसरतो आणि पायांनी स्वतःला रोखत बसतो. टेका बैठकीलाच जोडलेला असेल तर तोही पुढे येतो; त्याचा कोन मागे घ्यावा लागेल.

फोम बसला असेल तर कुशनवाल्याकडे ४० डेन्सिटीचा मागा आणि तिथेच वजन करा. ४० म्हणजे घनमीटरला ४० किलो, तेव्हा ४५ बाय ४५ सेंटीमीटरचा, ५ सेंटीमीटर जाडीचा तुकडा ४०० ग्रॅमच्या आसपास भरला पाहिजे. ३२५ भरला तर तो ३२चा आहे. हात लावून फरक कळत नाही, कारण मऊपणा आणि घनता या वेगळ्या गोष्टी आहेत.

हाताचे दांडे टेबलाला अडत असतील तर काढावेत, पण आधी खाली वाकून पाहा. स्वस्तातल्या बऱ्याच बॉस-चेअरमध्ये टेका या दांड्यांवरच उभा असतो. ते काढले की पाठही गेली. आणि खुर्ची आपोआप खाली बसत असेल तर बैठक वर-खाली करणारा गॅसचा दांडा बदला. तो नुसता निमुळत्या खाचेत रुतलेला असतो, ठोकून निघतो. उघडायला मात्र जाऊ नका, आत दाबाखालचा नायट्रोजन असतो.