मॉस्क, स्टॅन्ली

मॉस्क, स्टॅन्ली : (४ सप्टेंबर १९१२ – १९ जून २००१). अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश. १९६४ ते २००१ अशी ३७ वर्षे ते या पदावर होते. त्या न्यायालयात इतका प्रदीर्घ काळ दुसऱ्या कोणीही काम केलेले नाही. अमेरिकेत प्रत्येक राज्याला स्वतःची राज्यघटना आणि तिचा अंतिम अर्थ लावणारे न्यायालय असते. कॅलिफोर्नियात सात न्यायाधीशांच्या या न्यायालयावर गव्हर्नर नेमणूक करतात आणि पुढे मतदार ती कायम ठेवतात किंवा नाकारतात. निवृत्तीच्या वयाचे बंधन नसल्याने एवढी दीर्घ कारकीर्द शक्य झाली.

मॉस्क यांचा जन्म टेक्सास राज्यातील सॅन अँटोनिओ येथे एका ज्यू कुटुंबात झाला. शिकागो विद्यापीठात शिक्षण घेतल्यावर त्यांनी लॉस अँजेलिस येथे कायद्याचा अभ्यास पूर्ण केला. गव्हर्नर कल्बर्ट ओल्सन यांच्या कार्यालयात काम केल्यानंतर वयाच्या एकतिसाव्या वर्षाच्या आतबाहेर ते लॉस अँजेलिसच्या वरिष्ठ न्यायालयात न्यायाधीश झाले. कृष्णवर्णीय कुटुंबांना विशिष्ट वस्तीत राहण्यास मज्जाव करणारे मालमत्ता-करार अंमलात आणण्यास त्यांनी १९४७ मध्ये नकार दिला. संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तशीच भूमिका १९४८ मध्ये घेतली. १९५८ मध्ये ते राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल म्हणून निवडून आले. व्यावसायिक गोल्फ संघटनेच्या नियमांत केवळ गोऱ्या खेळाडूंनाच सदस्यत्व देणारे कलम होते. मॉस्क यांनी त्याविरुद्ध लावून धरलेल्या दबावामुळे संघटनेला ते १९६१ मध्ये काढून टाकावे लागले. १९६४ मध्ये गव्हर्नर पॅट ब्राउन यांनी त्यांना सर्वोच्च न्यायालयावर नेमले.

संघराज्याची घटना नागरिकांना हक्कांची किमान हमी देते आणि राज्याची घटना त्याहून अधिक देऊ शकते, हे तत्त्व मॉस्क यांच्या न्यायदृष्टीच्या केंद्रस्थानी होते. त्याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे १९७८ चा व्हीलर खटला. दोन कृष्णवर्णीय आरोपींच्या या खटल्यात, कारण न देता ज्यूरर (खटल्याचा निर्णय देणाऱ्या नागरिकांच्या मंडळाचे, म्हणजे ज्यूरीचे, सदस्य) वगळण्याचा आपला हक्क वापरून सरकारी वकिलाने सर्व कृष्णवर्णीय ज्यूरर बाजूला काढले होते. केवळ वंशाच्या आधारे असे वगळणे राज्यघटनेतील ज्यूरीच्या हक्काचा भंग करते, असे मॉस्क यांनी बहुमताच्या निकालपत्रात ठरवले. संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या घटनात्मक आधारावर का होईना, अशा वापराला १९८६ मध्ये पायबंद घातला.

१९७२ मध्ये त्यांच्या निकालपत्राने पर्यावरणीय परिणामांच्या तपासणीचा कायदा सरकारी परवानगी लागणाऱ्या खासगी बांधकामांनाही लागू झाला. १९८० च्या सिंडेल खटल्यात, गर्भवती मातांनी घेतलेल्या डीईएस या औषधामुळे त्यांच्या मुलींना आजार झाल्याची तक्रार होती. मात्र प्रत्यक्ष गोळ्या कोणत्या कंपनीच्या, हे इतक्या वर्षांनी सांगणे अशक्य होते. बाजारपेठेतील वाट्याच्या प्रमाणात कंपन्यांवर भरपाईची जबाबदारी टाकण्याचा मार्ग मॉस्क यांनी काढला. पुराव्याअभावी पीडित व्यक्ती रिकाम्या हाताने परत जाऊ नये, यासाठी कायद्याची चौकट किती ताणता येते याचा हा महत्त्वाचा नमुना आहे.

उदारमतवादी म्हणून ओळख असली तरी ते गटाच्या अपेक्षांना बांधलेले नव्हते. डेव्हिस येथील वैद्यकीय महाविद्यालयात १०० पैकी १६ जागा अल्पसंख्याकांसाठी राखीव होत्या. प्रवेश नाकारलेल्या अ‍ॅलन बाकी या अर्जदाराच्या खटल्यात १९७६ मध्ये मॉस्क यांनी ही योजना घटनाबाह्य ठरवली, आणि समर्थकांपैकी अनेकजण दुखावले. भारतीय वाचकाला हा निर्णय खटकू शकतो, परंतु गोऱ्यांच्या वस्तीचे करार नाकारताना वंश हा निकष त्यांनी जसा अमान्य केला होता, तसाच तो येथेही केला, हे ध्यानात घ्यावे लागते. मृत्युदंडाला त्यांचा वैयक्तिक विरोध होता, तरी कायदा अस्तित्वात असताना अशा शिक्षा त्यांनी कायमही केल्या. मृत्युदंडावरून तापलेल्या १९८६ च्या मतदानात मुख्य न्यायाधीश रोझ बर्ड यांच्यासह तिघांना मतदारांनी पदावरून दूर केले, तेव्हा मॉस्क मात्र टिकून राहिले.

सॅन फ्रान्सिस्को येथे निधन झाले तेव्हा ते पदावरच होते. लॉस अँजेलिसमधील प्रमुख दिवाणी न्यायालयाच्या इमारतीला त्यांचे नाव देण्यात आले आहे.