रोलर की पॅड? जुनं वाइड बेल्ट सँडर बघायला जाताना

वाइड बेल्ट सँडर म्हणजे रुंद, फिरत्या पॉलिशपेपरच्या पट्ट्याने फळ्या घासणारं मशीन. जुन्या मशीनच्या जाहिरातीत 'सिंगल हेड, 1300 एमएम, 20 एचपी' एवढंच लिहिलेलं असतं. त्या एका हेडमध्ये, म्हणजे घासणाऱ्या भागात, बेल्ट लाकडावर कोण दाबतं, रोलर की पॅड, हे कोणी लिहीत नाही. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात.

रोलर-हेडमध्ये बेल्ट खालच्या रोलरवरून वळतो तिथेच, जेमतेम एका रेषेत, लाकडाला टेकतो. दाब एकवटतो, माल भराभर निघतो. रोलर पोलादी किंवा 80-90 शोअरच्या (शोअर हे रबराच्या कडकपणाचं माप) कडक रबराचा असेल, तर जोडलेल्या सागवानी फळ्या 80 ग्रिटने (जाड दाण्याच्या बेल्टने) एका जाडीत आणायला हेच हवं. पॅड-हेडमध्ये रोलरच्या शेजारी आडवी पट्टी असते. तिला फेल्ट, त्यावर ग्रॅफाइटचं कापड. बेल्ट चार-पाच सेंटिमीटर रुंदीत टेकतो, ओरखडा लांब आणि उथळ पडतो. ही पॉलिशआधीची सफाई. पॅडकडून एका पासात 0.1 मिमीपेक्षा जास्त मागितलंत की कापड तापून फाटतं आणि बेल्ट जळतो.

टिंबर मार्केटमधून आणलेलं विनिअर, म्हणजे प्लायवर चिकटवायचा लाकडाचा पापुद्रा, अर्धा मिमी, बरेचदा त्याहूनही पातळ. कडक रोलरखाली कडेचा प्लाय उघडा पडायला एक पास पुरतो. दारं आणि वॉर्डरोब दोन्ही करणाऱ्या छोट्या कारखान्याने म्हणूनच कॉम्बी हेड शोधावं: रोलरही, पॅडही, आणि पॅड वर-खाली करायचा दांडा. थिकनेसर (फळी एका जाडीत रंधणारं मशीन) आधीच असेल तर नुसतं पॅडवालंही चालेल. नुसता पोलादी रोलर असेल तर स्वस्तात मिळाला तरी नको. पुढची सगळी सफाई हातानेच करावी लागेल.

ओळखायचं कसं? वीज बंद करा, बाजूचं दार उघडा, हवा सोडून बेल्ट काढा. पट्टी असेल तर लगेच दिसते. बेल्ट काढलाच आहे तर रोलरवर स्टीलची सरळ पट्टी धरा. मधोमध 0.1 मिमीची फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) शिरली, तर आधीच्या मालकाने लाकडाच्या सगळ्या अरुंद पट्ट्या मधूनच घातल्यात असं समजा. रबर नखाने दाबा. चकाकी आणि बारीक चिरा म्हणजे ते वाळलंय. ग्राइंडिंग किंवा नवं रबर चढवण्याचा खर्च किमतीतून वळता करून घ्या. पॅडचं कापड फाटलेलं असेल तर त्यावरून घासाघीस नको, ते बदलायचंच असतं.

मग 18 मिमी एमडीएफवर पेन्सिलने नागमोडी रेघा मारून तो 6 मीटर प्रति मिनिट फीडने (माल आत सरकायच्या वेगाने) घाला. चारही कोपऱ्यांची जाडी व्हर्नियरने मोजा. मग तिरप्या उजेडात आडव्या लाटा बघा आणि त्यांच्यातलं अंतर मोजा. 200 मिमी रोलर, 1900 मिमी बेल्ट आणि सेकंदाला 18 मीटर बेल्टवेग धरला, तर साधारण साडेतीन मिमीवर येणाऱ्या लाटा रोलरच्या: तो गोल राहिलेला नाही किंवा बेअरिंग गेलंय. साडेदहा मिमीवर येत असतील तर तो बेल्टचा सांधा. दुसरा बेल्ट चढवला की संपलं. विकणारा दोन्हींना 'बेल्ट जुना आहे' म्हणतो, म्हणून मोजपट्टी न्या. उभी रेघ आली तर तीही वाचा: सरळ असेल तर पॅडखाली किंवा रोलरवर काहीतरी अडकलंय, नागमोडी असेल तर बेल्ट खराब, कारण चालताना बेल्ट डावी-उजवीकडे झुलतो.

20 एचपी म्हणजे सुमारे 15 किलोवॅट, वर डस्ट कलेक्टर आणि सहा बारचा कॉम्प्रेसर. महावितरणचा मंजूर भार आधी बघा. आणि बेल्ट पावसाळ्यात घडी घालून ठेवू नका. दमट हवेत कागदी बेल्ट वळतो आणि मशीनवर एका कडेला पळतो. जाड पाइपवर टांगून ठेवा.