मराठवाड्यातील बिअर

छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद), जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर आणि धाराशिव या आठ जिल्ह्यांतील बिअरनिर्मिती, तिचे पाणी व धान्य आणि त्याच मुलखातली जुनी आंबवलेली पेये यांविषयीची ही नोंद आहे. देशातील बिअर उत्पादनाच्या मोठ्या केंद्रांत संभाजीनगरचे नाव येते. तरीही एक घोट घेऊन ‘ही आपल्याकडची’ असे म्हणता यावे, अशी चव इथल्या बाटलीत सापडत नाही. संभाजीनगरजवळच्या वाळूजमध्ये भरलेली आणि म्हैसूरजवळ भरलेली एकाच छापाची बाटली सारखीच लागावी, यासाठी कारखाना सगळे कसब पणाला लावतो. क्राफ्ट बिअरचा खटाटोप नेमका उलट असतो: थोडी काढायची, वेगळी काढायची, ताजी प्यायची.

मोठे कारखाने

मागास भागात उद्योग नेण्याच्या धोरणातून चिकलठाणा आणि वाळूज या औद्योगिक वसाहती वाढल्या. मुंबई-पुण्याची बाजारपेठ ट्रकने एका रात्रीच्या टप्प्यात होती आणि पैठणचे जायकवाडी धरण १९७६ मध्ये पुरे झाल्यामुळे पाण्याची हमी मिळाली. बिअर कारखान्याला याहून फारसे काही लागत नाही, कारण माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) आणि हॉप्स (बिअरला कडवटपणा व सुगंध देणारी फुले) दोन्ही बाहेरूनच येतात. फॉस्टर्स या ऑस्ट्रेलियन कंपनीने १९९० च्या दशकात इथे कारखाना घातला. २००६ मध्ये तिचा भारतातील व्यवसाय सॅबमिलरने घेतला आणि २०१६ मध्ये सॅबमिलरच एबी इनबेव्हच्या पोटात गेली. किंगफिशरची युनायटेड ब्रुअरीज (२०२१ पासून हायनेकेनच्या ताब्यात) आणि टुबोर्गची कार्ल्सबर्ग यांचेही कारखाने इथे आहेत. म्हणजे नाव मराठवाड्याचे, मालकी बेल्जियम, नेदरलँड्स आणि डेन्मार्कची.

या कारखान्यांत मुख्यतः लागर प्रकारची (गारव्यात सावकाश आंबवलेली) बिअर निघते. जवाच्या माल्टबरोबर तांदूळ, मका किंवा साखर वापरून ती हलकी आणि स्वस्त केली जाते. भारतीय अन्नसुरक्षा मानकांनुसार ५ टक्क्यांपर्यंत मद्यार्क असलेली बिअर सौम्य आणि ५ ते ८ टक्क्यांची स्ट्राँग समजली जाते. मराठवाड्यातल्या परमिट रूममध्ये ‘एक बिअर द्या’ म्हटले की बहुतेक वेळा समोर येते ती ६५० मिलिलिटरची स्ट्राँगची बाटली. तेवढ्याच पैशांत जास्त चढते, हा त्यामागचा साधा हिशेब. चवीपेक्षा ती गार किती आहे याची चौकशी आधी होते, आणि मे महिन्यात पारा ४२ अंशांवर गेलेला असताना ते समजण्यासारखेच आहे. मात्र बर्फाळ गार बिअरला फारशी चव उरत नाही. बाजारातल्या अनेक स्ट्राँग बिअरना ते सोयीचे पडते.

पाण्याचा प्रश्न

एक लिटर बिअर काढायला, धुणे-शिजवणे-थंड करणे धरून, कारखान्यात साधारण तीन ते पाच लिटर पाणी जाते. एरवी हा आकडा कोणाच्या डोळ्यांत आला नसता. २०१२-१३ च्या आणि त्यापाठोपाठ २०१५-१६ च्या दुष्काळात मात्र तो थेट राजकारणात आला. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. ‘जलदूत’ नावाने ओळखल्या गेलेल्या त्या गाडीच्या पहिल्या खेपेत दहा वाघिणींमधून सुमारे ५ लाख लिटर पाणी आले. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्यनिर्मिती उद्योगांच्या पाण्यात आधी निम्मी आणि मग ६० टक्क्यांपर्यंत कपात करण्याचा आदेश दिला. उसाला लागणाऱ्या पाण्याच्या तुलनेत बिअरचे पाणी किरकोळ आहे, हा उद्योगांचा बचाव आकड्यांत खरा होता. पण घागरी घेऊन टँकरच्या रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला तो सांगण्यात अर्थ नव्हता.

पाण्याची दुसरी बाजू चवीची आहे आणि तिच्याकडे फार कमी लक्ष जाते. मराठवाड्याचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्ट खडकावर वसला आहे. इथल्या विहिरी-बोअरचे पाणी जड. कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट भरपूर. अशा पाण्यात फिकट माल्ट शिजवले तर त्या मिश्रणाचा सामू (आम्लतेचे माप, पीएच) हवा तितका खाली येत नाही आणि बिअरला तुरट, खरखरीत चव येते. उलट भाजलेल्या काळ्या माल्टची आम्लता बायकार्बोनेटला तोलून धरते. आयर्लंडमधले डब्लिन जड पाण्यावर काळ्या स्टाउटसाठी प्रसिद्ध झाले आणि झेक देशातले पिल्झेन मृदू पाण्यावर फिकट लागरसाठी, ते याच कारणाने. त्या न्यायाने मराठवाड्याच्या पाण्याचा कल काळ्या बिअरकडे आहे. आज सर्रास पाणी आरओमधून काढून आधी कोरे केले जाते आणि मग हवे ते क्षार मोजून घातले जातात. त्यात गैर काही नाही, पण जागेची खूण तिथेच पुसली जाते.

लहान ब्रुअऱ्या

महाराष्ट्रात क्राफ्ट बिअरची सुरुवात पुण्यात झाली. २००९ मध्ये तिथे ‘डूलाली’ सुरू झाली. पुढे २०१४ च्या सुमारास पुण्यात इंडिपेंडन्स आणि एफिनगट, मुंबईकडे गेटवे आणि व्हाइट आउल अशी नावे पुढे आली. २०१५ मध्ये बाजारात आलेल्या बिरा ९१ मुळे गव्हाची बिअर बाटलीतून सर्वदूर पोचली. मराठवाड्यातला तरुण ही चव सहसा पुण्यात शिकायला किंवा नोकरीला गेल्यावर शिकतो आणि गावी आल्यावर बिअर शॉपीत तिची चौकशी करतो. दुकानदार बिचारा फ्रिजमधली महागडी आयात बाटली दाखवतो. महाग ती क्राफ्ट, असा समज दोन्ही बाजूंना आहे. खरे तर आयात बाटली अनेकदा शिळी असते.

मायक्रोब्रुअरीत बिअर तयार होते तिथेच विकली जाते. भरडलेले माल्ट ६५ ते ६८ अंश सेल्सियसच्या पाण्यात तासभर मुरवतात. त्यातून पिठाची साखर होते. गाळलेला गोड रस हॉप्स घालून तास-दीड तास उकळतात, झटकन थंड करतात आणि त्यात यीस्ट सोडतात. एल प्रकार (लागरपेक्षा उबेत, लवकर आंबणारी बिअर) १८ ते २२ अंशांवर आठवडा-दोन आठवड्यांत तयार होतो; लागरला ८ ते १३ अंश आणि चार-सहा आठवडे लागतात. बाहेर ४० अंश असताना आत एवढा गारवा राखायचा म्हणजे टाक्यांभोवती थंड ग्लायकॉल (सहज न गोठणारा द्रव) अखंड फिरवावे लागते. वीज गेली आणि जनरेटर रुसला तर पूर्ण टाकी वाया जाते. शिवाय ही बिअर बहुधा पाश्चराइज केलेली नसते; थंड साखळी एकदा तुटली की ती आंबट होते. पुण्यातून पिंप भरून तुळजापूर किंवा देगलूरला नेणे म्हणूनच सोपे नाही. मागणी कमी आणि परवान्याचे शुल्क भारी ही कारणे आहेतच, पण उन्हाळा हे सर्वांत खरे कारण मानावे लागेल.

उरलेला माल्टचा चोथा प्रथिनयुक्त असतो आणि पशुखाद्य म्हणून विकला जातो. तो ओला असल्याने दोन-तीन दिवसांत खपवावा लागतो, म्हणून गिऱ्हाईक जवळपासचे गोठेच.

ज्वारीची शक्यता

जव राजस्थान, हरियाणा, उत्तर प्रदेशाकडून येते. हॉप्स जर्मनी-अमेरिकेतून येतात. भारतात ते थोडेफार हिमाचलातल्या लाहौलमध्ये पिकतात. मराठवाड्याचे स्वतःचे धान्य ज्वारी. रब्बीची मालदांडी घरोघरी माहीत आहे आणि जालन्याच्या दगडी ज्वारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आफ्रिकेच्या अनेक भागांत ज्वारीची बिअर शतकानुशतके पितात. तिच्यात ग्लुटेन नसते, त्यामुळे गव्हा-जवाची ॲलर्जी असलेल्यांसाठी जगभर ज्वारीची बिअर काढली जाते.

अडचण आहे ती स्टार्चची. जवाचे स्टार्च ६० ते ६५ अंशांना फुगून मोकळे होते, ज्वारीचे त्याहून बऱ्याच वर, ७० च्या आसपास किंवा पुढे. तेवढ्या उष्णतेत साखर करणारी विकरे मरतात. शिवाय मोड आलेल्या ज्वारीत बीटा-ॲमिलेझ हे विकर मुळात कमी. म्हणून ज्वारी आधी वेगळी शिजवून मग जवाच्या माल्टमध्ये मिसळणे किंवा बाहेरून विकरे घालणे हेच मार्ग उरतात. चव थोडी मातकट, किंचित आंबूस येते. ज्याला भाकरी आवडते त्याला ती परकी वाटू नये.

धान्याबरोबर फळेही आहेत. बेल्जियन विटबिअरमध्ये (गव्हाच्या बिअरमध्ये) धने आणि संत्र्याची साल घालतात. त्या जागी जालन्याची मोसंबी सहज बसेल. मराठवाड्याचा केसर आंबा, बीडचे सीताफळ, निलंगा तालुक्यातली पानचिंचोलीची चिंच या सगळ्यांना मानांकने मिळाली आहेत. पैकी चिंच बिअरला सर्वांत जवळची, कारण आंबट बिअरचे पूर्ण एक घराणेच जगात आहे. सीताफळाचा सुगंध मात्र उकळले की उडतो.

या वाटेवर एक जुनी जखम आहे. पावसात भिजून काळी पडलेली ज्वारी मद्यार्कासाठी वापरावी म्हणून राज्याने २००७ मध्ये धान्यापासून मद्यार्काच्या कारखान्यांना अनुदान देणारे धोरण आणले, आणि पुढे डॉ. अभय बंग आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्यासह अनेकांनी त्याला कडाडून विरोध केला. माणसाच्या ताटातले धान्य बाटलीत का, हा प्रश्न ज्वारीच्या बिअरलाही टळणार नाही.

आंबील, शिंदी, मोह

बिअर येण्याच्या कितीतरी आधीपासून इथे धान्य आणि रस आंबवले जातात. लातूर-धाराशिव भागात मार्गशीर्ष अमावस्येला येळवस (वेळा अमावस्या) साजरी होते. त्या दिवशी गावे ओस पडतात आणि शिवारे भरतात. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा होते, भज्जी (पालेभाज्या आणि शेंगांची मिश्र भाजी) आणि बाजरीचे उंडे खातात आणि मडक्यातली आंबील पितात. ज्वारीचे पीठ ताकात आंबवून त्यात लसूण, जिरे, मीठ, कोथिंबीर घालतात. हे आंबवणे मुख्यतः लॅक्टिक आम्लाचे असते, मद्यार्क नगण्य. तरी चार-सहा तांबे रिचवल्यावर झाडाखाली आडवे झालेले पाहुणे दिसतातच आणि ‘आंबील चढली’ ही थट्टा दरवर्षी होते. झोप आणते ती अर्थात भज्जी. चवीच्या अंगाने पाहिले तर मराठवाड्याची मूळ ‘आंबट बिअर’ म्हणून आंबिलीचा दावा कुठल्याही कारखान्यापेक्षा बळकट आहे, आणि ती लहान मुलेही पितात.

शिंदीचे प्रकरण वेगळे. नांदेड जिल्ह्यातल्या धर्माबाद, बिलोली, देगलूर पट्ट्यात शिंदीच्या झाडांचा रस काढतात. सूर्योदयापूर्वी उतरवलेला रस गोड असतो, ऊन चढेल तसा हवेतल्या यीस्टने आंबतो आणि चार-पाच टक्क्यांच्या घरात, म्हणजे साधारण बिअरइतका पोचतो. दुसऱ्या दिवशी त्याचा सिरका व्हायला लागतो. निजामी हैदराबाद संस्थानात अबकारी हे उत्पन्नाचे मोठे साधन होते. त्यामुळेच मुक्तिसंग्रामात, १९४७-४८ मध्ये, जंगल सत्याग्रहाबरोबर शिंदीची झाडे तोडण्याचा कार्यक्रम गावोगाव झाला. नशाबंदीइतकाच सरकारच्या तिजोरीवर घाव घालणे हा त्याचा हेतू होता. आज शिंदी पिणाऱ्याने एक गोष्ट जाणून असावी: तेलंगणा सीमेवर रसाऐवजी पाण्यात क्लोरल हायड्रेट, सॅकरिन कालवून विकण्याचे प्रकार उघडकीस आले आहेत आणि क्लोरल हायड्रेट हे गुंगीचे औषध आहे. झाडाखाली, सकाळी, ओळखीच्या माणसाकडून घेतली तरच ती शिंदी.

किनवट-माहूरच्या जंगलात मोहफुलांची काढतात ती ऊर्ध्वपातित दारू. बिअरशी तिचा संबंध नाही.

शोधणे आणि पिणे

बाटलीच्या लेबलवर कारखान्याचा पत्ता आणि भरल्याची तारीख छापलेली असते. ती वाचण्याची सवय लागली की निम्मे काम झाले. संभाजीनगरात किंवा जालन्यात बसलेल्या माणसाला वाळूजचा पत्ता आणि गेल्या काही आठवड्यांतली तारीख सहज मिळू शकते, आणि तीच बिअर सहा महिने गोदामात तापलेल्या बाटलीपेक्षा स्पष्टपणे चांगली लागते. उन्हात शोकेसमध्ये ठेवलेली बाटली घेऊ नये. प्रकाशाने हॉप्सचे घटक बदलून उग्र दर्प येतो. तपकिरी काच त्यापासून बरीच वाचवते, हिरवी फार कमी.

मायक्रोब्रुअरीत गेल्यावर पूर्ण ग्लास मागवण्याआधी चाखण्याचे छोटे ग्लास मागावेत आणि कोणती टाकी कधी उघडली हे विचारावे. जिथे हे सांगता येत नाही तिथे बहुधा बिअरपेक्षा रोषणाईवर खर्च झालेला असतो. फिकटापासून गडदाकडे जावे. गव्हाच्या जर्मन बिअरला यीस्टमुळे केळ्या-लवंगेचा वास येतो, त्यात कोणी काही घातलेले नसते. स्टाउट फार गार पिऊ नये. चखण्यात खारे शेंगदाणे आणि मसाला पापड कुठेही मिळतात, पण कडवट एलबरोबर लसणाची चटणी लावलेली कडक भाकरी जास्त शोभते.

महाराष्ट्रात बिअर पिण्यासाठी वयाची अट २१ वर्षे आहे, व्हिस्की-रमसारख्या कडक मद्यांसाठी २५. दारूबंदी अधिनियम १९४९ चा असून त्यानुसार पिणाऱ्यालाही परवाना लागतो. एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन. महामार्गापासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्री नको, या सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०१६ च्या आदेशाने पुढच्या एप्रिलमध्ये अनेक परमिट रूमना टाळे लागले. शिवाय गावाला दुकान नको असेल तर मतदान घेता येते: मतपत्रिकेवर उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. या लढ्यात पुढे असतात त्या बायका, आणि हातभट्टी, देशी आणि बिअर असा फरक त्या करत नाहीत.