मॉरिशसमधील मराठी आप्रवासी

एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून करारबद्ध मजूर म्हणून मॉरिशसला गेलेल्या मराठी भाषकांना आणि त्यांच्या तेथे स्थायिक झालेल्या वंशजांना उद्देशून ही संज्ञा वापरली जाते. महाराष्ट्राबाहेरील मराठी समाजांत हा एक जुना समाज आहे, आणि इतका काळ टिकूनही आपल्याकडे त्याचा अभ्यास फार थोडा झाला आहे.

हिंदी महासागरातील हे बेट ब्रिटिशांनी 1810 मध्ये फ्रेंचांकडून जिंकले. 1835 मध्ये तेथील गुलामगिरी कायद्याने संपली आणि उसाच्या मळेवाल्यांना स्वस्त मजुरांची गरज भासू लागली. त्याआधीच, 2 नोव्हेंबर 1834 रोजी, ‘अॅटलास’ जहाजातून 36 भारतीय मजूर पोर्ट लुईला पोहोचले होते. हा दिवस मॉरिशसमध्ये आजही सार्वजनिक सुट्टीचा असतो. मजुरांची फसवणूक आणि हाल यांविरुद्ध ओरड झाल्याने ही वाहतूक काही वर्षे बंद ठेवावी लागली. 1842 मध्ये कोलकाता, मद्रास आणि मुंबई या तीन बंदरांतून ती पुन्हा सुरू झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी ती थांबेपर्यंत साडेचार लाखांहून अधिक भारतीय त्या बेटावर उतरले. 1861 पर्यंतच तेथील लोकसंख्येत निम्म्याहून जास्त लोक भारतीय होते.

या तीन बंदरांत मुंबईचा वाटा सर्वांत लहान होता. मुंबईहून गेलेल्यांत रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा या भागांतील शेतकरी व भूमिहीन कुटुंबे होती आणि इतर मॉरिशसवासी त्यांना ‘बोंबाय’ म्हणून ओळखत. मुंबईची भरती लवकर आटल्यामुळे कोकणातून नवी माणसे, नवी गाणी, नव्या बातम्या येणेही थांबले. या समाजाची पुढची वाटचाल समजून घेताना ही गोष्ट सर्वांत आधी लक्षात घ्यावी लागते.

कराराची भाषा साधी होती, पण त्याची अंमलबजावणी क्रूर होती. मजुरी महिना सुमारे 5 रुपये आणि त्यावर शिधा असे. एका दिवसाच्या गैरहजेरीला दोन दिवसांची मजुरी कापली जाई. करार संपलेल्या मजुरालाही 1867 च्या कायद्याने छायाचित्र लावलेला परवाना सतत जवळ बाळगणे सक्तीचे झाले. तो नसल्यास भटक्या ठरवून अटक होत असे. नावाने मुक्त झालेल्या माणसाला स्वतःच्याच गावात संशयित करणारा हा कायदा त्या व्यवस्थेचा खरा चेहरा दाखवतो. आडोल्फ द प्लेव्हित्झ या मळ्यावर राहणाऱ्या युरोपीय माणसाच्या पुढाकाराने 1871 मध्ये 9,401 मजुरांनी याविरुद्ध अर्ज केला. त्याची दखल घेऊन ब्रिटिश सरकारने चौकशी आयोग नेमला.

उतरणाऱ्या प्रत्येकाची नोंद पोर्ट लुई येथील आप्रवासी आगारात होई. 1849 पासून उभे राहिलेले हे आगार आता आप्रवासी घाट या नावाने ओळखले जाते आणि 2006 पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. नोंदवहीत नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, गाव आणि अंगावरची खूण लिहिली जात असे. पहिल्या आप्रवाशाचे व्यक्तिनाव हेच पुढे घराण्याचे आडनाव झाले, म्हणून बाबाजी, सखाराम ही मॉरिशसमध्ये आडनावे आहेत, आणि कोकणातील गावाची आठवण सांगणारे ‘-कर’ तेथे क्वचितच दिसते.

करारातून सुटलेल्या अनेकांनी मळ्यांचे तुकडे पडून विकले गेले तेव्हा काटकसरीने जमीन घेतली आणि वस्त्या केल्या. ब्लॅक रिव्हर जिल्ह्यातील कास्कावेल हे मराठी वस्तीचे परिचित गाव असून तेथे मराठा मंदिर आहे. कोकणातील जाखडी हे लोकनृत्य ‘झाकरी’ नावाने तेथे टिकले आहे. गणेश चतुर्थीची देशभर सुट्टी असते आणि मूर्ती नदीत किंवा समुद्रात विसर्जित होतात. घरातली बोली मात्र बहुतेकांची क्रिओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली तेथील लोकभाषा, झाली. मराठी भाषा शाळांतून आणि मोका येथील महात्मा गांधी संस्थेतून शिकवली जाते. म्हणजे ती आता प्रामुख्याने शिकून घ्यायची भाषा आहे. या संस्थेतच आप्रवाशांच्या जुन्या नोंदवह्या व छायाचित्रे जतन केलेली आहेत आणि त्यांच्या आधारे वंशजांना आपल्या पूर्वजाचे जहाज, जिल्हा व गाव शोधता येते. कारकुनांनी गावांची नावे कानाला जशी आली तशी रोमन लिपीत उतरवल्यामुळे हा शोध कोकणातील माणसाच्या मदतीशिवाय अनेकदा पूर्ण होत नाही.