मुलाला दिलेलं घर आईवडिलांना कधीही परत घेता येतं? थांबा जरा

"मुलं बघत नसतील तर बक्षीसपत्र आपोआप रद्द, सुप्रीम कोर्टाचा निकाल" हा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोच आहे. अर्धं खरंय पण त्या अर्ध्यावर विसंबून लोक सही करून मोकळे होतात.

आपोआप काही होत नाही. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम 23 म्हणतं की मालमत्ता देताना 'मी तुमचा सांभाळ करेन' अशी अट असेल आणि मुलाने ती पाळली नाही तर 60 च्या पुढच्या आईवडिलांना न्यायाधिकरणाकडे, म्हणजे आपल्याकडे प्रांतसाहेबांकडे अर्ज करून व्यवहार रद्द करून घेता येतो. कायदा लागू व्हायच्या आधीचं बक्षीसपत्र यात बसत नाही.

खरी गोची त्या अटीची आहे. आपल्याकडे मुलाला राहतं घर द्यायला स्टँप ड्युटी 200 रुपये (वर सेस वगैरे), त्यामुळे लोक घाईत करतात आणि ठरलेल्या मसुद्यात येतं काय तर "प्रेमापोटी, स्वखुशीने, विनामोबदला". सांभाळाचा एक शब्द नाही! 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, अट सिद्ध झाली पाहिजे. जानेवारी 2025 च्या निकालात आईला घर परत मिळालं, ताबाही द्यायला सांगितला, पण तिथे मुलाने सांभाळाचं वचनपत्र लिहून दिलेलं होतं, हे फॉरवर्ड करणारे सांगत नाहीत.

म्हणून अट बक्षीसपत्रातच लिहून घ्या, नाहीतर सरळ मृत्युपत्र करा, ते हयातीत कधीही बदलता येतं. अट नसली तरी पोटगी मागता येतेच, तो हक्क वेगळा.