शोधनिबंधावर नाव कोणाचे?

१९८५ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेत रॉबर्ट स्लट्स्की या डॉक्टरच्या बढतीचा विषय निघाला. त्याचे शोधनिबंध वाचताना एका परीक्षकाच्या नजरेला खटकले की दोन वेगळ्या निबंधांतले सांख्यिकी आकडे तंतोतंत सारखे आहेत. चौकशी बसली. सात वर्षांत १३७ निबंध, एका काळात तर दर दहा दिवसांना एक. समितीने त्यांतले १२ बनावट ठरवले आणि ४८ संशयास्पद. या निबंधांवर इतरांचीही नावे होती. काहींना तर कामात फारसा वाटा नसताना नाव ‘भेट’ मिळाले होते. श्रेय घ्यायला नाव पुढे, पण आकडे कुठून आले हे विचारल्यावर उत्तर नाही. लेखक कोणाला म्हणावे याच्या ज्या नियमांवर आज आपण वाद घालतो, त्यांची निकड अशा प्रकरणांनी पटवून दिली.

१६६५ मध्ये लंडनच्या ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’पासून विज्ञान नियतकालिके सुरू झाली, तेव्हा हा प्रश्न फारसा नव्हता. बहुधा एकच माणूस प्रयोग करी आणि तोच लिही. विसाव्या शतकात संशोधन गटाने होऊ लागले आणि नावांची रांग लांबत गेली.

१९७८ मध्ये काही वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक कॅनडातल्या व्हँकुव्हरला जमले ते अगदी साध्या कारणासाठी. टाइपरायटरचे दिवस होते. एका नियतकालिकाने नाकारलेला निबंध दुसऱ्याकडे पाठवायचा तर संदर्भसूची नव्या पद्धतीने पुन्हा टाइप करावी लागे. ती कटकट मिटवायला जमलेल्या याच गटाने १९८५ मध्ये लेखक कोणाला म्हणावे हेही लिहून काढले. कामात भरीव वाटा हवा, लिखाणात सहभाग हवा, अंतिम मसुद्याला संमती हवी. नुसता निधी आणला किंवा गटावर देखरेख केली म्हणून लेखकपद नाही. विभागप्रमुखाचे नाव रिवाज म्हणून टाकणाऱ्यांनी हे वाक्य खरोखर वाचायला हवे. २०१३ मध्ये चौथी अट आली: निबंधावर प्रश्न उठला तर उत्तरदायी राहण्याची.

तरी गाठ सुटली नाही. ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकाचे उपसंपादक ड्रमंड रेनी यांनी १९९७ मध्ये सहकाऱ्यांसह सुचवले, ‘लेखक’ हा शब्दच सोडा. कोणी काय केले ते छापा आणि पूर्ण कामाला हमीदार नेमा. मला हा विचार सर्वांत प्रामाणिक वाटतो. २०१५ चा हिग्ज या मूलकणाच्या वस्तुमानावरचा निबंध पाहा: ३३ पाने, त्यांतली ९ संशोधनाची आणि उरलेली २४ नावे व संस्थांची. लेखक ५,१५४. त्यांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञही आहेत. पण कोणी काय केले, हे त्या २४ पानांतून कळत नाही.

२०१२ मध्ये हार्वर्डला झालेल्या कार्यशाळेतून ‘क्रेडिट’ ही, कोणी काय केले हे नोंदवण्यासाठीची, १४ भूमिकांची यादी पुढे आकाराला आली: कल्पना, पद्धती, सॉफ्टवेअर, प्रत्यक्ष तपास, विदा सांभाळणे, निधी, पहिला मसुदा वगैरे. २०२२ मध्ये अमेरिकेत तिला राष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. मात्र लेखक कोण, हे ही यादी ठरवत नाही. वर्षभर नमुने गोळा करणाऱ्या प्रयोगशाळा साहाय्यकासाठी तिच्यात रकाना आहे, पण त्याचे नाव निबंधावर येण्यासाठी आधी कोणीतरी त्याच्यापुढे मसुदा ठेवायला हवा. ज्यांचा कामात भरीव वाटा आहे त्यांना लिखाणात सहभागाची संधी द्यावी, असे व्हँकुव्हर गटाचे नियमही सांगतात.