थंड प्रदेशातली बाग आणि उबेचा हिशेब

बियाण्याच्या पाकिटावर 'काढणी ७५ दिवसांत' असं छापलेलं असतं. जिथे हिवाळा लांब आणि उन्हाळा जेमतेम तीन महिन्यांचा, तिथे या आकड्यावर फार विसंबू नये. रोपाच्या वाढीचा वेग तापमान ठरवतं. पीक तयार व्हायला ठरावीक उष्णता साठावी लागते, हा विचार फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर यांनी १७३५ साली मांडला. आज हेच गणित 'अंश-दिवसां'त करतात. टोमॅटोसाठी १० अंश सेल्सिअस ही पायरी धरतात; दिवसाची सरासरी तिच्या जितके अंश वर, तितके त्या दिवसाचे अंश-दिवस. दिवसाचं कमाल तापमान १६, किमान ६, म्हणजे सरासरी ११. पदरात पडला एक अंश-दिवस. कमाल २४ आणि किमान १२ असेल, तर एकदम आठ. गारठ्याचे आठ दिवस तेव्हा कुठे एका उबदार दिवसाच्या बरोबरीला येतात.

या हिशेबात हवेपेक्षा माती जास्त दगा देते. वर ऊन पडलेलं असतं, पण ओल्या जमिनीतलं पाणी तापायला वेळ घेतं. वाटाणा आणि पालक ५ अंशांच्या मातीतही हळूहळू उगवतात. काकडीचं बी तिथे कुजून जातं. टोमॅटोचं रोप अशा मातीत घाईने लावलं की पानं खालून जांभळी पडतात, कारण थंड मुळांना स्फुरद (फॉस्फरस) नीट उचलता येत नाही. खत टाकून याचा फारसा उपयोग नाही, माती तापवायला हवी. गादीवाफ्यातलं, म्हणजे उंच केलेल्या वाफ्यातलं, पाणी लवकर निचरतं, म्हणून तो लवकर तापतो. प्लॅस्टिकचं आच्छादन काळं घ्यावं असं सहज वाटतं, पण माती अधिक तापते ती पारदर्शक कागदाखाली. फक्त तिथे तणही जोमाने येतं. पेंढ्याचं आच्छादन वसंतात मात्र टाळावं, त्याने जमीन गारच राहते.

खरा धोका असतो निरभ्र, वारा पडलेल्या रात्रीचा. ढग नसले की जमिनीची उष्णता थेट आकाशाकडे निघून जाते आणि जड झालेली थंड हवा उतारावरून वाहत खोलगट जागी साचते. म्हणून बागेचा सखल कोपरा आधी गोठतो. उतारावरचा वाफा वाचतो. पातळ, न विणलेल्या कापडाने संध्याकाळीच रोपं झाकली तर दोन-तीन अंशांची सूट मिळते. काचघरात पाण्याची पिंपं ठेवतात, तीही उगाच नाही: दिवसा तापलेलं पाणी रात्री ती ऊब परत देतं. आणि गोठायला लागलं तरी देणं थांबत नाही. एक लिटर पाणी गोठताना जेवढी उष्णता बाहेर टाकतं, तेवढी ते ८० अंशांवरून शून्यापर्यंत थंड होताना टाकतं.

घरात ट्रेमध्ये रोपं तयार करून हंगामाचे काही आठवडे वाचवता येतात. बाहेर लावण्याआधी आठवडाभर त्यांना रोज थोडा वेळ वाऱ्या-उन्हात ठेवावं; खिडकीतलं लाडावलेलं रोप एकाच दुपारी करपतं.

उत्तरेकडे उबेची तूट प्रकाश थोडीफार भरून काढतो. ६० अंश अक्षांशावर जूनमधला दिवस जवळजवळ १९ तासांचा असतो. अलास्कात २०१२ साली ६२ किलोंहून जड कोबी निघाला, त्यामागे हा लांबलचक उजेडच आहे. पालकाला मात्र तो सोसत नाही, तो झटकन फुलोऱ्यावर येतो. कांद्याचं वाणही दीर्घ दिवसाचंच, म्हणजे दिवस बराच लांबल्यावरच कांदा धरणारं हवं. लहान दिवसाचं वाण तिथे लावलं तर पात वाढण्याआधीच कांदा धरतो आणि बारीक राहतो.

शरद ऋतूत कडाका सुरू झाला की टोमॅटो, काकडी, घेवडा संपतात. मुळात ती उष्ण प्रदेशांतली पिकं. गाजर आणि केल (कोबीच्या कुळातली पालेभाजी) यांचं उलट होतं. थंडीची चाहूल लागताच त्यांच्या पेशींत साखर वाढते, त्यामुळे पेशीरसाचा गोठणबिंदू खाली जातो आणि पेशींची पटलं सुरक्षित राहतात. ती साखर जिभेलाही कळते. तेव्हा गाजरं घाईने उपटू नयेत. आता वाफ्यावर पेंढ्याचा फूटभर थर द्यावा, म्हणजे खालची जमीन उशिरा गोठते आणि लागतील तशी गाजरं काढता येतात.